शिलालेखांचे वाचन आणि विदर्भाचा इतिहास : म. म. वा. वि. मिराशी

चिमूर म्हटले की १९४२ च्या ऑगस्टमधील उठाव आठवतो. त्याची साक्ष देणारी माणसे होती, कागदपत्रेही होती. परंतु याच वनप्रदेशाच्या दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्थितीविषयी कोण साक्ष देणार? तेथे बखर नाही, दफ्तर नाही. अशा वेळी इतिहासकार दगड आणि ताम्रपट यांच्याकडे वळतो. विदर्भापुरते हे काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्या कार्याचा आपण येथे परिचय करून घेणार आहोत.

मिराशी मूळचे विदर्भातले नव्हेत. त्यांचा जन्म १८९३ मध्ये कोकणात, देवगडजवळील कुवळे या गावी झाला. कोल्हापूर व पुणे येथे शिक्षण घेऊन १९१९ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पुढे नागपूर हीच त्यांची कर्मभूमी ठरली. व्यवसायाने ते संस्कृतचे अध्यापक होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांच्या इतिहासलेखनाचे बळ भाषेच्या जाणकारीत आहे.

त्यांची पद्धत समजण्यासाठी चिमूरच्या शेजारचेच उदाहरण घेऊ. नागभीड तालुक्यातील देवटेक येथे एक मोठी शिळा होती. तिच्यावर निरनिराळ्या काळांतील दोन लेख आहेत. जुना लेख प्राकृतात असून त्यात प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा आहे. अक्षरांचे वळण आणि आशय पाहून मिराशींनी तो अशोकाच्या काळातील अधिकाऱ्याचा ठरविला. (आजही वाघांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या मुलखातील ती बहुधा सर्वांत जुनी लिखित आज्ञा असावी.) सुमारे सहा शतकांनंतर त्याच शिळेवर रुद्रसेन राजाच्या धर्मस्थानाचा लेख कोरला गेला आणि त्यासाठी जुन्या लेखाचा काही भाग छिलून टाकला गेला. लेखातील स्थळनाम म्हणजे देवटेकलगतचे चिकमारा, असे मिराशींनी दाखविले.

यात एवढे महत्त्वाचे काय? काशीप्रसाद जायस्वाल यांनी वाकाटकांचे मूळ बुंदेलखंडाकडे नेले होते आणि समुद्रगुप्ताने उत्तरेत ज्या रुद्रदेवाचा उच्छेद केला, तोच वाकाटक पहिला रुद्रसेन, असे मानले होते. पण रुद्रसेनाचा लेख विदर्भात सापडत असेल, तर त्याचे राज्य नर्मदेच्या दक्षिणेस होते असे म्हणणे भाग पडते. एका शिळेने राजवंशाचा नकाशा बदलला.

दुसरे उदाहरण वाशीमचे आहे. तेथील ताम्रपट १९३९ मध्ये उजेडात आला. त्यातील वंशावळ संस्कृतात आणि पुढील मजकूर मुख्यतः प्राकृतात आहे. दाता विंध्यशक्ती आपल्याला सर्वसेनाचा पुत्र व प्रवरसेनाचा नातू म्हणवितो. हा सर्वसेन तोवरच्या वंशावळीत कोठेच नव्हता. तेव्हा मिराशींनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेला लेख पुन्हा तपासला. भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांच्यासारख्या थोर विद्वानांनी तेथे निराळी नावे वाचली होती. मिराशींना त्याच पुसट अक्षरांत सर्वसेन आणि विंध्यसेन दिसले. वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येथील वाकाटकांची स्वतंत्र शाखा अशी इतिहासात आली. मराठीच्या अभ्यासकाला हा सर्वसेन आणखी एका कारणाने जवळचा वाटावा : महाराष्ट्री प्राकृतातील ‘हरिविजय’ या काव्याचा तो कर्ता.

१९४१ मध्ये मिराशींना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. कलचुरी (१९५५), वाकाटक (१९६३) आणि शिलाहार (१९७७) यांच्या कोरीव लेखांचे त्यांनी संपादिलेले इंग्रजी खंड आजही अभ्यासकाच्या हाताशी लागतात. शेवटचा खंड प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय चौऱ्याऐंशीच्या घरात होते. मराठीतही त्यांनी विपुल लिहिले. ‘कालिदास’, ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ व ‘संशोधनमुक्तावली’ ही त्यांतील प्रमुख नावे. १९७५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे सारेच निष्कर्ष टिकले असे नाही. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे त्यांचे मत होते. त्यांच्या पश्चात रामटेकजवळ मनसर येथे उत्खनन झाले, भव्य वास्तूंचे अवशेष निघाले आणि काही संशोधक प्रवरपूर तेथे शोधू लागले. हा वाद अद्याप मिटलेला नाही. मात्र त्यातील दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून आधी मिराशींनी संपादिलेले ताम्रपटच उघडावे लागतात.