ताडकन उठलात तर टेंगूळ!

भांडण रंगात आलं की माणूस काय करतो? आवाज चढवतो, बाह्या सरसावतो आणि ताडकन उठतो. मांडी घालून, बसल्या जागी कडाक्याचं भांडण करून बघा बरं. लवकरच धाप लागेल, नाहीतर हसू येईल!

ही युक्ती काही लोकांनी खरंच वापरलीय. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात बांदियागारा नावाचा सुमारे 150 किलोमीटर लांबीचा कडा आहे. तिथे दोगोन लोकांची गावं आहेत. गावात एक चारी बाजूंनी उघडा मांडव असतो, त्याचं नाव तोगुना. खांब बहुतेक वेळा आठ, कारण दोगोन लोक आपले आद्य पूर्वज आठ मानतात. वर बाजरीच्या वाळक्या ताटांचे थरावर थर. (बाजरीचं माहेर त्याच भागातलं बरं का! हजारो वर्षांपूर्वी ती आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली.) ताटांच्या फटींत हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. म्हणून बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गारवा.

पण छप्पर मात्र एवढं बुटकं, की मोठ्या माणसाला आत उभंच राहता येत नाही. वाकून शिरायचं आणि बसायचं. गावातले वडीलधारे इथेच तंटे ऐकतात. ऐकता ऐकता कुणाचं डोकं फिरलं आणि तो उसळून उठला, की ठण्ण! थेट छपरावर. मग डोकं चोळत खाली बसणं आलंच.

एक गोष्ट मात्र मला मुळीच आवडलेली नाही. खांबांवर बायकांच्या आकृती कोरलेल्या असतात, पण खऱ्याखुऱ्या बायकांना आत बसायची मुभा नाही.

दोगोनांची दुसरी युक्ती याहून खट्याळ आहे. नायजर नदीवरच्या बोझो कोळ्यांशी त्यांचं थट्टेचं नातं आहे. एकमेकांना वाट्टेल ते चिडवायचं आणि रागवायचं अजिबात नाही! मालीत असं नातं आडनावांतही असतं. एखाद्या ट्राओरेला दियारा भेटला की सुरू : "काय रे चवळीखाऊ!" आता चवळीच का? तर तिच्यातल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात, वायू तयार होतो आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

म्हणून मालीत मारामाऱ्याच होत नाहीत असं नाही हं. तिथे अलीकडे मोठा हिंसाचार झालाय, आणि बंदुकांपुढे थट्टा तोकडी पडते. पण थट्टेचा परिणाम दोन संशोधकांनी तपासून पाहिला, 2010 साली तो छापूनही आला. त्यांनी लोकांना निवडणुकीतल्या उमेदवाराचं भाषण दाखवलं. भाषण तेच, फक्त वक्त्याचं आडनाव बदलायचं. वक्ता दुसऱ्या जमातीचा, पण आडनाव थट्टेच्या नात्यातलं निघालं, की तेच भाषण लोकांना जास्त आवडायचं!