‘सिस्टर, बाबांना कळू देऊ नका’

‘पेशंटचा मुलगा तुम्हाला वॉर्डच्या दाराशी गाठतो आणि म्हणतो, सिस्टर, बाबांना कॅन्सर आहे हे त्यांना कळू देऊ नका. थोड्या वेळाने तुम्ही बीपी घ्यायला जाता, तेव्हा बाबाच विचारतात, मला नेमकं झालंय तरी काय? तुम्ही काय सांगाल?’

नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुलाखतीला बसणाऱ्या मुलीने अशा प्रश्नाची तयारी ठेवायलाच हवी. आपल्याकडचे बहुतेक बीएस्सी नर्सिंग प्रवेश गुणांवर होतात, त्यामुळे मुलाखतीची सवय नसते. पण मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसतर्फे पुण्याच्या एएफएमसीत किंवा मुंबईच्या आयएनएचएस अश्विनीत शिकायचं असेल, तर नीटच्या गुणांनंतर संगणकावरची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत असते. ब्रिटनमध्ये नर्सिंगला जाणाऱ्यांनाही मुलाखतीत मूल्यांविषयीचे प्रश्न हमखास येतात.

वरच्या प्रश्नावर घाईघाईने दोन उत्तरं सुचतात. ‘खरं तेच सांगेन’ हे एक, आणि ‘नातेवाइकांची इच्छा पाळेन’ हे दुसरं. दोन्ही कच्ची आहेत. क्लासमध्ये शिकवलं जाणारं तिसरं उत्तर, ‘दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत’, हे तर उत्तरच नव्हे. समतोल म्हणजे मध्यावर उभं राहणं, असा समज अनेक मुली घेऊन जातात आणि तिथेच फसतात. समतोल उत्तरात कुणाचं काय पणाला लागलं आहे हे दिसतं, निर्णयाचा अधिकार कुणाचा हे दिसतं, आणि त्यानंतर बोलणारी स्वतः कुठे तरी ठाम उभी राहते.

आता बाबांकडे परत येऊ. आजार त्यांचा आहे, तेव्हा त्याची माहितीही त्यांचीच. मुलगाही वाईट हेतूने बोलत नाही. बाबा खचतील ही त्याची भीती खरी आहे. निदान समजावून सांगणं हे डॉक्टरांचं काम, पण खोटं न बोलणं हे सिस्टरचं. म्हणून चांगली उमेदवार म्हणेल: ‘मी खुर्ची ओढून बसेन. बाबांना विचारेन, तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय? आणखी किती जाणून घ्यायचंय? काही नाही, बरे व्हाल, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांना सांगेन की पेशंट स्वतः विचारतोय, आणि तशी नोंद करेन. मुलालाही भेटून सांगेन की बाबांनी विचारलंय, आता लपवून ठेवणं त्यांना जास्त एकटं पाडेल.’ आणि बाबाच म्हणाले, ‘मला नको सांगू, पोराला सांग,’ तर? तर तोही त्यांचाच निर्णय. एवढं ज्या मुलीला सुचलं, तिला रुग्णाची स्वायत्तता कळली आहे, मग तो शब्द तिने उच्चारला नाही तरी चालेल.

वैद्यकीय नीतिशास्त्राचे अभ्यासक बीचम (Beauchamp) आणि चिल्ड्रेस यांनी १९७९ मध्ये मांडलेली चार तत्त्वं, म्हणजे स्वायत्तता, हित, अहित टाळणं आणि न्याय, ही विचार करताना उपयोगी पडतात. मात्र मुलाखतीत ती पाढ्यासारखी म्हणू नयेत.

त्यापेक्षा थोडा कायदा वाचावा. ‘एचआयव्ही असलेला नवरा म्हणतो, बायकोला सांगू नका, तुम्ही सांगाल का?’ इथे नुसता कळवळा कामाचा नाही. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने जोडीदाराला कळवण्याचा अधिकार फक्त डॉक्टर आणि समुपदेशकाला दिला आहे, तोही ठरावीक अटींवर. नर्सने परस्पर सांगायचं नाही. पण हात झटकून मोकळंही व्हायचं नाही. बायकोच्या जिवाला धोका आहे, तेव्हा ही गोष्ट त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवायची.

काही प्रश्न समतोलाचे नसतातच, आणि ते ओळखणं हाही तयारीचा भाग आहे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं लक्षात आलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरच्यांची अब्रू तिथे तराजूत ठेवायची नसते. सीनियर सिस्टरकडून चुकीचा डोस गेला, तर आधी पेशंट बघायचा, मग डॉक्टरांना आणि इन्चार्ज सिस्टरला सांगायचं, मग नोंद. सीनियरचा मान राखायचा तो बोलण्याच्या पद्धतीत, गप्प बसून नव्हे.

इच्छामरणावरचा प्रश्न मात्र खऱ्या अर्थाने अवघड, आणि मराठी मुलीला तो परका नसावा. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात जवळपास अचेत अवस्थेत होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांना या अवस्थेतून सोडवावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला. त्या अरुणाताईंना भरवत होत्या, पुसत होत्या, कूस बदलून देत होत्या. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली, पण कडक अटींवर निष्क्रिय इच्छामरणाची, म्हणजे जीव टिकवणारे उपचार थांबवण्याची, वाट तत्त्वतः मोकळी केली. २०१८ मध्ये घटनापीठाने आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुटसुटीत झाली. इंजेक्शन देऊन जीव घेणं आजही गुन्हाच आहे. म्हणून ‘भारतात इच्छामरणाला बंदी आहे’ हे उत्तर अर्धवट ठरतं. या प्रकरणात विराणी आणि परिचारिका या दोन्ही बाजूंना माया होती, हे ज्या मुलीने नीट वाचलं असेल तिला समतोल म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागणार नाही. तिने आपलं मतही जरूर सांगावं, आणि ते मत काहीही असलं तरी शुश्रूषेत फरक पडणार नाही, हेही.

तयारी मोठ्याने बोलून करावी. नात्यात, शेजारी कुणी वॉर्डात काम करणारी ताई असेल तर तिला समोर बसवावं आणि उलट प्रश्न विचारायला सांगावं, कारण मुलाखत घेणारे तेच करतात. बाबांच्याच प्रसंगात उलट प्रश्न येईल, ‘आणि डॉक्टरच म्हणाले, तू मध्ये पडू नकोस, तर?’ इथे पुष्कळ मुली कोलांटी मारतात. नवी माहिती मिळाली तर उत्तर बदलावं. समोरच्याच्या कपाळावर आठी आली म्हणून बदलू नये. डॉक्टर नाही म्हणाले, तर इन्चार्ज सिस्टरकडे जायचं, तिथून मेट्रनकडे, आणि बाबांना सांगायचं की तुमचा प्रश्न मी पोहोचवला आहे, उत्तर आल्याशिवाय तो सोडणार नाही.