एकच प्रश्न, एक अब्ज वेळा

१ जानेवारी १९७०, गुरुवार. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, वालूर गावी घड्याळात पहाटेचे साडेपाच वाजले होते. जागतिक वेळेनुसार तेव्हा बरोबर मध्यरात्र होती. हाच क्षण पुढे युनिक्स संगणकांनी शून्य मानला. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि वालूर साडेशहात्तर अंशांच्या आसपास. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने गाव घड्याळाच्या जवळपास २४ मिनिटं मागे चालतं. संगणकाला या कशाचंच देणंघेणं नाही. त्याच्या लेखी वेळ म्हणजे त्या शून्यापासून उलटलेले सेकंद, आणि तो आकडा आता पावणेदोन अब्जांच्या घरात आहे. तुमच्या मोबाइलमधल्या प्रत्येक फाइलला ‘शेवटचा बदल कधी’ याची अशीच एक नोंद चिकटलेली असते. तिला टाइमस्टॅम्प म्हणतात.

ही नोंद एरवी कुणी वाचत नाही. पण सॉफ्टवेअर बांधणारी जी साधनं आहेत, ज्यांना बिल्ड टूल म्हणतात, ती दिवसभर हीच नोंद वाचत असतात. त्यांचा प्रश्न एकच असतो: गेल्या वेळेनंतर काय बदललं? हा प्रश्न किती वेळा विचारावा लागतो आणि उत्तर किती बारीक वेळेचं लागतं, हे पाहिलं की मती गुंग होते.

न केलेल्या कामाची किंमत

एक उदाहरण धरू. वालूरमध्ये चक्राकार उतरणाऱ्या पायऱ्यांची जुनी बारव आहे. समजा, तिच्या ५,००० छायाचित्रांचं संकेतस्थळ करायचं ठरलं. प्रत्येक मोठ्या छायाचित्रापासून एक लहान प्रत बनवायची. एका प्रतीला अर्धा सेकंद धरला तर सगळ्या प्रतींना २,५०० सेकंद, म्हणजे ४१ मिनिटं ४० सेकंद लागतील. आता एकच छायाचित्र बदललं. पुन्हा ४१ मिनिटं? भाजीत मीठ कमी पडलं म्हणून कुणी अख्खं ताट नव्याने रांधत नाही.

बिल्ड टूल इथे मूळ छायाचित्राची वेळ आणि प्रतीची वेळ शेजारी ठेवतं. मूळ नवं असेल तर प्रत पुन्हा बनवायची, नसेल तर हात लावायचा नाही. १०,००० फाइलींची वेळ विचारायला, ती माहिती आधीच मेमरीत असेल आणि एका विचारणेला एक मायक्रोसेकंद धरला तर, सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. त्यात एका प्रतीचा अर्धा सेकंद मिळवा. ४१ मिनिटांचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत आटोपलं.

ही युक्ती रूढ केली ती अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६च्या एप्रिलमध्ये लिहिलेल्या ‘मेक’ या प्रोग्रामने. निमित्तही बोलकं होतं. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ एका अगदी बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक दुरुस्त झालेली होती, पण दुरुस्त केलेली फाइल नव्याने कंपाइल करायची राहून गेली होती. माणसाच्या लक्षात ठेवण्यावर हे काम सोडायचं नाही, असं फेल्डमन यांनी ठरवलं. २००३ साली या कामासाठी त्यांना एसीएम या संगणकशास्त्रातल्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टम पुरस्कार मिळाला. ‘मेक’ आज जवळपास पन्नास वर्षांनंतरही रोज चालतो.

दहा हजारांवरून अब्जाकडे

आता फाइलींची संख्या वाढवत जाऊ. गुगलच्या क्रोम ब्राउझरचा पाया असलेल्या क्रोमियममध्ये ३०,०००हून अधिक सोर्स फाइली झाल्या, तेव्हा एक फाइल बदलल्यावर बिल्ड नुसतं सुरू व्हायलाच दहा सेकंद जात. एका ओळीचा बदल आणि दहा सेकंदांची वाट, दिवसातून शेकडो वेळा. त्या त्राग्यातून इव्हान मार्टिन यांनी ‘निंजा’ लिहिला आणि तोच अवधी एका सेकंदाच्या आत आणला.

मायक्रोसॉफ्टने २०१७ साली विंडोजचा सगळा सोर्स गिट या, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाखाली आणला. तिथे सुमारे ३५ लाख फाइली होत्या, भांडार सुमारे ३०० जीबीचं आणि त्यावर काम करणारे सुमारे ४,००० अभियंते. एका विचारणेला एक मायक्रोसेकंद म्हटलं तरी ३५ लाख फाइलींना साडेतीन सेकंद हवेत. पण हा दर माहिती मेमरीत असतानाचा. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल आणि दर फाइलमागे तिचं डोकं नव्या जागी न्यावं लागलं, तर एका फेरीला सुमारे १० मिलिसेकंद जातात, म्हणजे दहा हजार पट. तेच साडेतीन सेकंद ३५,००० सेकंद होतात: पावणेदहा तास! काहीही बदललेलं नाही, एवढं कळायला अख्खी पाळी संपेल.

आणि गुगल? जानेवारी २०१५पर्यंत त्यांच्या एकाच भांडारात सुमारे एक अब्ज फाइली होत्या. सोर्स फाइली ९० लाख, कोडच्या ओळी दोन अब्ज, एकूण आकार ८६ टेराबाइट. मेमरीतून विचारलं तरी एक अब्ज प्रश्नांना १६ मिनिटं ४० सेकंद, आणि तबकडीच्या सर्वांत वाईट दराने जवळपास ११६ दिवस. आषाढी एकादशीला एंटर दाबलं तर उत्तर कार्तिकी एकादशीला.

म्हणून या आकाराला पोहोचलं की सगळ्या फाइलींना विचारणंच बंद करावं लागतं. मायक्रोसॉफ्टने आभासी फाइल सिस्टम केली: ज्या फाइलीला अभियंत्याने हात लावला, तेवढीच खरी उतरवायची. बारा तासांहून अधिक चालणारं क्लोनिंग, म्हणजे भांडार आपल्या संगणकावर उतरवणं, काही मिनिटांवर आलं. गुगलने अभियंत्याला अब्ज फाइलींचं चित्र दाखवलं आणि त्याच्या जागेत फक्त त्याने बदललेल्या फाइली ठेवल्या. त्यांची सरासरी दहाच्याही खाली होती.

इथे मनात येतं की, सगळ्यात वरच्या डिरेक्टरीचीच वेळ पाहिली तर काम भागणार नाही का? नाही भागत, आणि नवे प्रोग्रामर हमखास इथेच फसतात. डिरेक्टरीची वेळ बदलते ती तिच्यात थेट एखादं नाव आलं, गेलं किंवा बदललं तरच. आत असलेल्या फाइलीचा मजकूर बदलला तर नाही, आणि दोन पायऱ्या खालच्या डिरेक्टरीत भर पडली तरीही नाही. वरून सगळं शांत दिसतं, खाली हजार बदल झालेले असतात. उतरून पाहावंच लागतं.

सेकंदाच्या आतलं जग

संख्या वर चढली, तशी वेळ खाली उतरवावी लागली. १९७१च्या युनिक्समध्ये वेळ सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजत. ३२ बिटांचा आकडा त्या वेगाने अवघ्या ८२८ दिवसांत भरून जातो, सव्वादोन वर्षांत. म्हणून पुढे पूर्ण सेकंद मोजायचं ठरलं. आवाका वाढला, बारकावा गेला.

पेन ड्राइव्हवरच्या फॅट पद्धतीत तर शेवटच्या बदलाची दोन सेकंदांखालची नोंदच नाही. वेळेसाठी १६ बिट: तासाला ५, मिनिटाला ६, उरले ५. पाच बिटांत ३२ आकडे मावतात आणि सेकंद तर ६० असतात, म्हणून एक सोडून एक. बारवेचं छायाचित्र ७ वाजून १५ मिनिटं ३० सेकंदांना आलं, प्रत पुढच्याच क्षणी तयार झाली आणि ३१व्या सेकंदाच्या शेवटी मूळ छायाचित्र पुन्हा बदललं, तर तिन्ही घटनांवर एकच वेळ पडू शकते. बिल्ड टूल म्हणतं, वेळ सारखी आहे, काम झालेलं आहे. जुनी प्रत तशीच राहते. शिवाय ही पद्धत स्थानिक वेळ लिहिते आणि कुठली वेळ ते लिहीत नाही. हाच पेन ड्राइव्ह जानेवारीत डॅलसला नेला तर वालूरचे सव्वासात तिथले सव्वासात समजले जातात आणि फाइल साडेअकरा तासांनी ‘नवी’ होते.

विंडोजची एनटीएफएस पद्धत दुसऱ्या टोकाला आहे. ती १०० नॅनोसेकंदांच्या तुकड्यांत मोजते आणि मोजणी सुरू करते १ जानेवारी १६०१पासून, शिवजन्माच्याही २९ वर्षं आधी. तिथून १९७०पर्यंत ११ अब्ज ६४ कोटी ४४ लाख ७३ हजार ६०० सेकंद. एका जगातून दुसऱ्या जगात फाइल नेताना एवढा आकडा वजा करावा लागतो.

लिनक्सची एक्स्ट४ पद्धत नॅनोसेकंदापर्यंत नोंद ठेवते. एका नॅनोसेकंदात प्रकाश फक्त ३० सेंटिमीटर जातो. वाटतं, आता दोन फाइलींची वेळ सारखी निघणं अशक्य. पण रकाना नॅनोसेकंदाचा असला तरी त्यात भरायचा आकडा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पूर्वी आपल्या घड्याळाच्या ठोक्यावरून घेत असे, आणि सेकंदाला २५० ठोके असतील तर एक ठोका ४ मिलिसेकंदांचा. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्यात एक कोटी २० लाख वेळा चालतो. एका लहान फाइलीला १० मायक्रोसेकंद धरले तर ४०० फाइली एकाच ठोक्यात बसतात, नऊ आकडी अचूकतेची तंतोतंत तीच वेळ घेऊन! लिनक्स ६.१३मध्ये यावर तोड काढली: कुणी त्या फाइलीची वेळ विचारून गेलं असेल, तर पुढच्या बदलाला बारीक घड्याळाची वेळ द्यायची.

वेळ साक्ष देते, पण

वेळ खोटीही पडते. बॅकअपमधून जुनी फाइल परत ठेवली तर मजकूर बदलतो, पण वेळ मागे जाते. ‘मेक’ला वाटतं काहीच घडलं नाही. उलट गिटमधून सगळं नव्याने उतरवलं तर प्रत्येक फाइलीवर आत्ताची वेळ पडते आणि न बदललेलंही पुन्हा बांधलं जातं.

मग मजकूरच का तपासू नये? कारण हिशेब. सेकंदाला ५०० एमबी वाचणारी डिस्क असेल तर ३०० जीबी वाचायला दहा मिनिटं लागतात. वेळ विचारायला साडेतीन सेकंद पुरत होते. गिटने यातून काढलेला मार्ग मला फार मोलाचा वाटतो. तो आधी वेळ आणि आकार पाहतो. पण फाइलीची वेळ त्याच्या स्वतःच्या नोंदवहीइतकीच किंवा तिच्याहून नवी असेल, तर तो त्या नोंदीवर विसंबत नाही. तेवढ्याच फाइलीचा मजकूर उघडून ताडून पाहतो. स्वस्त पुरावा सगळ्यांसाठी, महाग पुरावा संशयितांसाठी.

आवाक्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ३२ बिटांत सेकंद मोजणारी यंत्रं २,१४,७४,८३,६४७पर्यंत जातील आणि १९ जानेवारी २०३८, मंगळवारी, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, भारतीय वेळेनुसार, त्यांचा आकडा भरेल. पुढचा सेकंद त्यांना १९०१ सालच्या डिसेंबरात नेईल. ६४ बिटांवर गेलं की २९२ अब्ज वर्षांची सोय होते, विश्वाच्या आजच्या वयाच्या २१ पट. ते काम बरंचसं झालं आहे आणि उरलेलं होईल.

बारकाव्याचा प्रश्न मात्र बिट वाढवून सुटत नाही, आणि सेलूत, परभणीत कोड शिकणाऱ्या प्रत्येकाने तो आपला मानावा असं मला वाटतं. दहा लाखांत एकच उत्तर चुकणारं साधन ५,००० छायाचित्रांच्या संकेतस्थळाला सहसा पुरेल. तेच साधन एक अब्ज फाइलींना लावा: एका फेरीत एक हजार फाइली शिळ्या राहतील, आणि त्या कोणत्या हे कुणालाच कळणार नाही.