पहिलं कंपाउंड धनुष्य घेताना

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सप्टेंबरमध्ये लोक रीतसर परवाना काढून, धनुष्यबाण घेऊन सरकारी जंगलात शिरतात आणि एल्कच्या मागावर राहतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराहूनही थोराड हरीण. याचे व्हिडिओ आता उर्से-परंदवडीसारख्या गावांतल्या पोरांच्या मोबाइलवरही येतात, आणि आपल्या डोंगरात असं काही करता येईल का, हा प्रश्न मग ओघानंच येतो.

शिकारीपुरतं उत्तर ‘नाही’ असं आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती बंद केली, आणि शिकारीच्या व्याख्येत नुसता प्रयत्नही मोडतो. जमीन वनखात्याची असो, गायरान असो वा स्वतःच्या मालकीची, भेकरावर किंवा रानडुकरावर बाण रोखणं हा गुन्हाच. डुकरं भात तुडवत असतील तर वनखात्याकडे तक्रार करून पंचनामा करून घ्यावा, हा रस्ता.

पण कोलोरॅडोतला तो शिकारी जे धनुष्य वापरतो, त्याच जातीच्या, म्हणजे कंपाउंड धनुष्यानं साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिनमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे घडले. खेळाचा हा मार्ग उर्सेच्या मुलालाही मोकळा आहे, आणि तो नीट समजून धरावा असं मला मनापासून वाटतं.

कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. ती गोल नसून लंबुळकी असतात, आणि सारी करामत तिथेच आहे. दोरी ओढायला लागलं की जोर वाढत जातो. पूर्ण ओढ झाली की कॅम फिरून जोर एकदम उतरतो. 50 पाउंडांचं धनुष्य ओढताना सुमारे 23 किलोंचा जोर लागतो, पण 80 टक्के जोर उतरणारं असेल तर धरून ठेवायला साडेचार किलोंचाच पुरतो. म्हणून नेम धरायला सवड मिळते. साध्या धनुष्यात, किंवा ऑलिंपिकमधल्या रिकर्व्हमध्ये, ही सवलत नाही. तिथे ओढाल तेवढा भार शेवटपर्यंत खांद्यावर राहतो.

आता मापं. पहिलं ओढीच्या लांबीचं, ड्रॉ लेंथचं. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत इंच मोजा आणि अडीचनं भागा. 65 इंच आले तर ओढ साधारण 26 इंच. हा अंदाज झाला. पक्कं माप प्रशिक्षकानं तुम्हाला धनुष्य धरायला लावूनच ठरवावं. लांबी जास्त झाली तर दोरी कोपराजवळ हातावर बसते आणि नेम भरकटतो. दुसरं पाउंडेज, म्हणजे ओढायला लागणारा जोर. इथे हौस नडते. खुर्चीत बसून, धनुष्य समोर सरळ धरून, आभाळाकडे न उचलता ओढता आलं तरच ते वजन तुमचं. कोलोरॅडोत एल्कसाठीही 35 पाउंडांची किमान अट आहे. शिकाऱ्याची गरज तेवढ्यावर भागते, तर शिकाऊ मुलानं साठाचा हट्ट कशाला धरायचा? तिसरी गोष्ट डोळ्याची. दोन्ही हातांच्या पंजांमध्ये छोटी फट ठेवून लांबची वस्तू पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती फटीत दिसत राहते तो तुमचा प्रमुख डोळा. डावा निघाला तर डाव्या हाताचं धनुष्य घेण्याचा विचार आधीच करावा, पैसे गेल्यावर नाही.

स्पर्धेत कंपाउंडचं अंतर 50 मीटर असतं, आणि दहा गुणांचं वर्तुळ फक्त 8 सेंटिमीटरचं. बाण सेकंदाला 85 मीटर वेगानं सुटला तरी तिथवर पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात तो पावणेदोन मीटर खाली येतो. म्हणून प्रत्येक अंतराला साइट, म्हणजे धनुष्यावरची नेमाची खूण, वेगळी लावतात. सुरुवात मात्र दहा-पंधरा मीटरवरून करा. तिथे बाण एकमेकांजवळ पडायला लागले, म्हणजे ग्रुपिंग जमलं, की मग मागे सरका.

तीन गोष्टी मात्र कधीच करू नयेत. बाण न लावता दोरी सोडू नये. बाणात जायची सगळी ताकद धनुष्यातच परत येते आणि ते फुटतं. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी वाकवून, तडा आहे का ते पाहिल्याशिवाय चढवू नये. तडकलेला बाण सुटताना हातात घुसतो. आणि भात निघालं, खाचरं रिकामी झाली म्हणून तिथे नेमबाजी करू नये. चुकलेला बाण शंभर-दोनशे मीटर सहज पुढे जातो, आणि बांधापलीकडे गुरं असतात, गुराखी असतो, चालता रस्ता असतो. मागे भक्कम आडोसा आणि आखलेलं मैदान नसेल तर बाण भात्यातच बरा.

सगळ्यात आधी शाळेच्या क्रीडाशिक्षकांना आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाला विचारा. शालेय स्पर्धांत बांबूच्या भारतीय धनुष्याचा वेगळा गट असतो. खांदे, पाठ आणि श्वास त्यावरही तयार होतात, आणि खर्च फार कमी येतो. कंपाउंड महाग आहे, घाई करू नका. पण पुढे मोठं ध्येयही आहे: 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे.