घटसर्प : सूज येण्यापूर्वीं काय करावें

मृगाचा पाऊस पडून गोठ्यांत ओल धरूं लागली कीं सोनई व नेवासें तालुक्यांतील इतर गांवीं घटसर्पाची धास्ती सुरू होते. लहान मुलांच्या त्याच नांवाच्या रोगाशीं जनावरांच्या या रोगाचा संबंध नाहीं, हें प्रथमच सांगून ठेवितों.

गळा सुजलेला दिसल्यावर डॉक्टरास बोलावणें धाडावें, ही आपल्याकडील जुनी रीत. औषधानें जंतु मरतो हें खरें. परंतु त्या वेळीं जनावर बहुधा वांचत नाहीं, आणि दोष मात्र सुईच्या माथीं येतो. खरें कारण जंतूच्या आवरणांत आहे.

पाश्चुरेला मल्टोसिडा हा तो जंतु. निरोगी दिसणाऱ्या कांहीं जनावरांच्या घशांतील गांठींत तो मुकाट्यानें राहतो. भिजण्यानें, उपासमारीनें किंवा लांबच्या मजलेनें जनावर खचलें कीं तो वाढून रक्तांत शिरतो. त्याच्या बाहेरील आवरणांत चरबी व साखर यांच्या जोडणीचें एक द्रव्य असतें, त्यास अंतर्विष म्हणतात. जंतु वाढतांना तें थोडथोडें सुटतें, व जंतु मेला म्हणजे आवरण फुटून पुष्कळच मोकळें होतें. त्यानें रक्तांतील पांढऱ्या पेशी इतक्या खवळतात कीं बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरूं लागतात. तें पाणी गळ्यांत व फुप्फुसांत सांचतें. जनावर मान लांबवून घरघरतें, आणि कित्येकदां २४ तासांच्या आंत सर्व आटोपतें. जिवंत जंतु न घालतां केवळ हें अंतर्विष म्हशींच्या रक्तांत सोडलें असतां रोगाचीं बरींच लक्षणें उमटतात, असें या शतकाच्या आरंभीं झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. जंतूचें प्रेतहि निरुपद्रवी नसतें तें असें.

म्हणून ताप चढला, दूध आटलें, रवंथ थांबलें, कीं त्याच घटकेस दवाखाना गांठावा. त्याहून बरी ती लस. पुण्यास औंध येथील सरकारी संस्थेंत ती तयार होते. तुरटीच्या लशीचा गुण सुमारें ४ ते ६ महिने व तेलांतील लशीचा ९ ते १२ महिने टिकतो. टोंचणी पावसापूर्वीं, मे महिन्यांत उरकावी. म्हैस गाईपेक्षां लौकर बळी पडते, तेव्हां रेडकांस वगळूं नये. टोंचल्या जागीं गांठ येते, दूध दोन दिवस कमी होतें, म्हणून कांहीं लोक टोंचणारास दारांतूनच परत पाठवितात. दोन दिवसांचें दूध आणि एक म्हैस, हा हिशेब मांडावयास कोणा कारकुनाची गरज नाहीं.

मेलेलें जनावर मुळेच्या कालव्यांत लोटूं नये. खोल खड्डा खणून, वर चुना टाकून पुरावें, व गोठ्यांतील बाकीचीं जनावरें त्याच दिवशीं डॉक्टरास दाखवावीं.