बेटावरचे चार तास

श्रोतेहो, हदगावच्या माणसानं समुद्रातल्या बेटांवर बोलावं, याचं कोणाला हसू आलं तर मी त्याला दोष देणार नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे पैनगंगेचं आणि कयाधूचं. पावसाळ्यात ते काठ सोडून शेतात येतं आणि उन्हाळ्यात वाळूखाली दडी मारतं. समुद्र आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचला आणि नकाशात निळ्या रंगानं रंगवला. परंतु आता दिवस पालटले आहेत. पेन्शनीत निघालेली मंडळी काशी-रामेश्वर करून आली, की पुढे कुठे, असा विचार करू लागतात. आणि कोणीतरी त्यांच्या हातात जहाजाच्या सहलीचा कागद ठेवतो.

असाच एक कागद घेऊन आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर आले. कोचीहून जहाज निघणार. रात्रभर समुद्रात चालणार. दिवसा लक्षद्वीपच्या एकेका बेटावर उतरवणार आणि संध्याकाळी परत घेणार. कागदावर काय काय करता येईल त्याची यादी होती: काचेच्या तळाची होडी, तोंडाला नळी लावून पाण्याखाली पाहणं, वल्ह्याची छोटी नाव, गावातून फेरफटका, दीपगृह, मत्स्यालय. गुरुजी म्हणाले, "सर, पैसे एकदाच भरायचेत. यातलं कोणतं घ्यावं?" मी म्हटलं, "गुरुजी, आधी बेरीज करू नका, वजाबाकी करा." ती वजाबाकी कशी करायची, तेच आज आपल्यापुढे मांडायचं आहे.

कागदावर लिहिलेलं असतं, "बेटावर मुक्काम: सकाळी आठ ते दुपारी चार." आपण समजतो, आठ तास मिळाले. तसं नसतं. लक्षद्वीपची बेटं पोवळ्यांची आहेत. बेटाच्या बाजूला पोवळ्यांच्या खडकाचं कडं असतं आणि त्या कड्याच्या आत उथळ, निळंहिरवं, संथ पाणी असतं. मोठं जहाज त्या उथळ पाण्यात येऊ शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं लहान बोटींतून उतरवावी लागतात. शेकडो उतारू, मोजक्या बोटी. तेव्हा रांग आलीच. समजा, उतरण्यात एक तास गेला. परतीच्या बोटीसाठी तासभर आधी धक्क्यावर हजर व्हायचं, म्हणजे तीनला. उरले सहा. जेवण आणि घटकाभर सावली, एक तास. कपडे बदलणं, एका जागेवरून दुसरीकडे जाणं, बरोबरच्या माणसांना शोधणं, आणखी एक. हाती राहिले चार तास. ज्यानं आठ तासांचा बेत केला, त्याची दिवसभर धावपळ होते. ज्यानं चारांचा केला, तो निवांत असतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. मी ते आईच्या डोळ्यांत पाहिलं. काही वर्षांपूर्वी आमच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन मी मुंबईला गेलो होतो. आईही बरोबर होती. तिला घारापुरीचा महादेव पाहायचा होता. गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरीचं बेट सुमारे दहा किलोमीटर. बोटीला तासभर लागतो. संध्याकाळी आम्हाला नांदेडची गाडी धरायची होती. म्हणजे आमचाही मुक्काम जहाजाच्या उतारूंसारखाच, घड्याळाला बांधलेला.

बेटावर उतरलो, तेव्हा पोरांना कुठूनसं समजलं होतं, की वरच्या टेकडीवर जुन्या तोफा आहेत आणि तिथून समुद्र सुंदर दिसतो. तरुण पाय ते! मी म्हटलं, आधी तोफा पाहून येऊ, लेणी काय, वाटेवरच आहेत. लेण्यांकडे जायला शंभरावर पायऱ्या आहेत. आईला पहिल्या टप्प्यावर सावलीत बसवलं आणि आम्ही वर गेलो. तोफा पाहिल्या, फोटो काढले, माकडांनी एकाची पिशवी पळवली, ती सोडवण्यात वेळ गेला. खाली येऊन आईला हळूहळू वर नेलं, तेव्हा मुख्य लेण्यात थांबायला जेमतेम वीस मिनिटं होती.

सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेलं ते लेणं. समोरच्या भिंतीत तीन मुखांचा सदाशिव, तीन पुरुष उंचीचा. बाजूला अर्धनारीश्वर, गंगाधर, शिवपार्वतीचा विवाह, आणि कैलास हलवणारा रावण. वेरूळचा कैलास ज्यांनी पाहिला आहे, त्या आपल्या मराठवाड्यातल्या माणसांना हा रावण ओळखीचा वाटतो. अजिंठा आणि वेरूळ १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, घारापुरी १९८७ मध्ये. दोन्ही ठिकाणचं शिल्प शेजारी ठेवून मुलांना समजवावं, असा माझा बेत होता. ते सगळं राहिलं. आईनं अंधाराला डोळे सरावतात न सरावतात तोच हात जोडले, आणि मी म्हणालो, "चल, बोट जाईल." ती उतरताना एवढंच म्हणाली, "पुन्हा कशाचं येणं होतंय बाबा आता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पुढे तिचं येणं झालं नाही. पायऱ्यांवरून वर न्यायला तिथे डोलीवाले असतात, धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी असते, हे मला ठाऊक होतं. सोमवारी लेणी बंद असतात, हेही विचारून ठेवलं होतं. सगळी माहिती होती. एकच प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. ही फेरी कोणासाठी आहे?

तेव्हा वजाबाकीनंतरचा पहिला प्रश्न हाच. बरोबरच्या माणसांत ज्याचे पाय सर्वांत थकलेले आणि ज्याचं पुन्हा येणं सर्वांत कठीण, त्याला काय पाहायचं आहे? ते आधी. उरलेल्या वेळात बाकीच्यांच्या तोफा.

दुसरा प्रश्न, आपण कशासाठी उतरतो आहोत? कागदावरची यादी कितीही लांब असली, तरी तिचे तीनच गट पडतात: पाणी पाहणं, माणसं पाहणं आणि नुसतं बसणं. एका मुक्कामाला एक गट मुख्य धरावा, दुसरा तोंडी लावण्यापुरता. तिन्ही करायला गेलं, की हाती फोटो राहतात.

पाणी पाहायचं असेल, तर लक्षद्वीपसारखी जागा क्वचित मिळेल. ज्याला पोहता येत नाही, त्यानं काचेच्या तळाची होडी घ्यावी. बसल्या जागी पोवळी आणि रंगीत मासे दिसतात, लुगडं भिजत नाही. पाण्यात उतरायचं असेल तर एक सांगतो. आपल्याकडची मुलं विहिरीत मुटका मारून पोहायला शिकतात आणि त्यांना वाटतं, आपल्याला पाणी समजलं. विहिरीच्या पाण्याला ओढ नसते, समुद्राच्या पाण्याला असते. तरंगजाकीट घालायला लाजू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला मुंबईच्या समुद्रात नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा माणसं गेली. ती माणसं सहलीलाच निघाली होती. म्हणून बोटीत पाऊल ठेवताना आधी जाकीट मागावं, मग खिडकीची जागा.

आणि पोवळं हा दगड नव्हे. ते अगदी लहान जिवांनी मिळून बांधलेलं घर आहे, आणि पुष्कळ जातींची वाढ वर्षाला बोटाच्या पेरभरही होत नाही. त्यावर उभं राहिलं की ते मरतं. समुद्राचं पाणी प्रमाणाबाहेर तापलं की पोवळी पांढरी पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हे घडलं. आठवण म्हणून तुकडा उचलून आणणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाही आहे. आठवण डोळ्यांतून आणावी.

माणसं पाहायची असतील, तर प्रत्येक बेटाची तऱ्हा वेगळी. कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर १८४७ च्या वादळानं फेकलेल्या पोवळ्यांच्या दगडांचा बांध आहे. मिनिकॉय दक्षिणेला एकटं आहे. बाकीच्या बेटांवर मल्याळम बोलतात, तिथे महल भाषा, जी मालदीवच्या भाषेची बहीण आहे. तिथलं दीपगृह १८८५ चं. उंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच पाहावं. या बेटांवर बहुतेक सर्व वस्ती मुसलमानांची आहे. गावात जाताना अंगभर कपडे असावेत, आणि फोटो काढण्याआधी विचारावं. आपल्या गावात परके येऊन अंगणात डोकावले तर आपल्याला जसं वाटेल, तसंच त्यांना वाटतं.

आता मराठवाड्यातल्या माणसानं तिथे काय पाहावं, असं मला कोणी विचारलं, तर मी म्हणेन, पाणीच पाहावं, पण पिण्याचं. लक्षद्वीपची छत्तीस बेटं मिळून जमीन अवघी बत्तीस चौरस किलोमीटर. राजधानी कवरत्ती सुमारे हजार एकरांचं. आपल्याकडे एखाद्या गावाचं शिवार याहून मोठं असतं. त्यावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी पोवळ्यांच्या वाळूत मुरतं आणि गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत राहतं. विहीर त्या थरापुरतीच खणायची. बोअर खोल नेलं की पाणी लागेल, हा आपला हिशेब तिथे उलटा होतो. खोल गेलं की खारं!

म्हणून २००५ मध्ये कवरत्तीला चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना उभा केला, रोज एक लाख लिटरचा. युक्ती सोपी आहे. हवेचा दाब कमी केला की वरचं कोमट समुद्रपाणी कमी उष्णतेवरही वाफ होऊ लागतं. ती वाफ थंड करायला सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरचं गार पाणी नळानं वर आणतात. वाफेचं पाणी होतं, मीठ मागे राहतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं, ते दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या बेटावरचा पेलाभर पाण्याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. आपल्या घरचा प्रश्न दुसऱ्याच्या घरी कसा सोडवला आहे, हे पाहण्यासारखी दुसरी सहल नाही.

उरलेल्या गोष्टी व्यवहाराच्या. फेरी जहाजवाल्यांकडून घ्यावी, की स्वतः हिंडावं? मोठ्या बंदरात स्वतः हिंडणं स्वस्त पडतं; परंतु जहाजानं ठरवलेल्या फेरीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, आपल्या हिमतीवर गेलेल्यासाठी थांबत नाही. लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला परवाना लागतो, तेव्हा तिथे हा प्रश्न फारसा उरतच नाही. घारापुरीला मात्र आपण आपले मालक. पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: चालणं किती, पायऱ्या किती, परत धक्क्यावर किती वाजता, आणि समुद्र खवळल्यामुळे उतरणंच झालं नाही तर पैसे परत मिळतात का. पावसाळ्याच्या आसपास हा शेवटचा प्रश्न विसरू नये. उतरवायचं की नाही, हे कप्तान ठरवतो, आणि त्याच्याशी वाद घालू नये.

गुरुजी जाऊन आले. यादीतल्या सहा गोष्टींपैकी त्यांनी एक घेतली, काचेच्या होडीची, बाईंसाठी. त्यांचे गुडघे धरलेले. दीपगृह त्यांनी आधीच खोडून टाकलं होतं. बाकीचा वेळ दोघं माडाच्या सावलीत, उथळ पाण्यात पाय सोडून बसली. मी विचारलं, "बाकी काही राहिलं असं वाटलं का?" गुरुजी हसले. म्हणाले, "पुष्कळ राहिलं, सर. पण ही म्हणाली, पाय निवले."

श्रोतेहो, माझ्या आईसाठी मला एवढंच करायचं होतं. आपण निघाल तेव्हा कागदावरच्या तासांतून आधी वजाबाकी करा, आणि उरलेले चार तास कोणाचे आहेत, ते ठरवूनच बोटीत बसा.