काचेवर आपटणारे पाखरू आणि आपले पहिले शील

रविवारची वंदना संपून मुलांचा संस्कार वर्ग सुरू होणार, एवढ्यात विहाराच्या अभ्यासिकेच्या काचेवर काहीतरी धाडकन आपटले. बाहेर जाऊन पाहिले तर खिडकीखाली तांबट पक्षी पडलेला. चोच उघडी, डोळे अर्धवट मिटलेले. एक मुलगा बाटली घेऊन त्याच्या चोचीत पाणी ओतायला धावला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "दारात पाखरू मरणं चांगलं नसतं बाबांनो." थोड्या वेळाने ते पाखरू मेले.

अपशकुनाची गोष्ट आम्ही तिथेच खोडून काढली. बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या वस्तीत ते अवघड नव्हते. पण एका मुलीने विचारले, "मग ते मेलं कशानं? खिडकी तर आपलीच आहे ना?" या प्रश्नाला आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते. ते शोधताना जे समजले, ते इथे मांडत आहोत.

पक्ष्याला काच दिसत नाही

आपल्याला तरी काच कुठे दिसते? चौकट, कडी, डाग यांवरून 'इथे काच आहे' हे आपण लहानपणी शिकलेले असतो. पक्ष्याला हे शिकवणारे कोणी नसते. दिवसा बाहेर उजेड आणि आत अंधार असला की काच आरशासारखी होते. तिच्यात समोरचे झाड आणि आभाळ दिसते आणि पक्षी त्या झाडाकडे झेपावतो. दुसरा प्रकार आरपार दिसणाऱ्या काचेचा. समोरासमोर दोन खिडक्या असल्या किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंना काच असली की पक्ष्याला ती मोकळी वाट वाटते.

चिमणी किंवा बुलबुल खिडकीवर, मोटारसायकलच्या आरशावर सतत चोची मारताना आपण पाहतो. तो प्रकार वेगळा आहे. विणीच्या दिवसांत पक्षी स्वतःच्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून त्याच्याशी भांडतो. तो दमतो, क्वचित जखमी होतो, पण सहसा मरत नाही. आरशावर कापडी पिशवी चढवली की भांडण संपते. जीव जातो तो पूर्ण वेगाने येऊन आपटल्याने. आपटून उडून गेलेला पक्षी वाचलाच असेही नाही. आतल्या रक्तस्रावाने अनेक पक्षी नंतर कुठेतरी झुडपात मरतात. म्हणूनच हा प्रश्न आपल्या नजरेत भरत नाही.

अमेरिकेत याचा नीट अभ्यास झाला आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार तिथे दरवर्षी साडेछत्तीस कोटी ते जवळपास शंभर कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात. त्यांत उंच टॉवरपेक्षा साध्या घरांचा आणि कमी उंचीच्या इमारतींचा वाटा कितीतरी मोठा आहे, कारण त्यांची संख्याच जास्त आहे.

आपल्याकडेही तांबट, हरियाल, बुलबुल असे पक्षी काचेला बळी पडतात. पावसाच्या तोंडावर महाराष्ट्रात येणारा नवरंग आणि कोकणात येणारा इवलासा तिबोटी खंड्याही असाच काचेखाली सापडतो. अनेक पक्षी रात्री स्थलांतर करतात आणि प्रखर दिव्यांनी भरकटून इमारतींकडे ओढले जातात.

इच्छाही नाही, गरजही नाही

कोणी म्हणेल, आम्ही पक्ष्याला मारायला खिडकी लावलेली नाही. हेतूच नाही, तर शीलभंग कसला? हे बरोबर आहे. धम्मात कर्माचे मोल हेतूवर ठरते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. काचेवरचा मृत्यू या दोन्हींत बसत नाही. कोणाची इच्छा नसते, कोणाची गरज नसते, तरी जीव जातो. इथे कारण आहे ते आपले अज्ञान.

भगवंतांच्या संघाने नकळत होणारी हिंसाही सोडून दिली नव्हती. पावसाळ्यात भिक्खू फिरतात तेव्हा कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. त्यावर 'आमचा हेतू नव्हता' असे उत्तर मिळाले नाही, तर वर्षावासाचा नियम आला. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन आहे, तेही पाण्यातले जीव मरू नयेत म्हणून. म्हणजे समजले की वागणे बदलायचे. करुणेला प्रज्ञेची जोड हवी ती अशी. पाखरू मेल्यावर हळहळणे सोपे आहे. ते मरू नये म्हणून काचेवर रेघ ओढणे हे खरे काम.

घरी काय करता येईल

सगळ्या खिडक्यांना हात लावायची गरज नाही. जिच्यात बाहेरून झाड किंवा आभाळ स्पष्ट दिसते, जिच्याखाली पिसे किंवा मेलेले पाखरू सापडले आहे, त्या खिडकीपासून सुरुवात करावी.

पहिली गोष्ट, खूण काचेच्या बाहेरच्या बाजूला हवी. प्रतिबिंब बाहेर पडते, त्यामुळे आतून चिकटवलेले चित्र बऱ्याचदा दिसतच नाही. वरच्या मजल्यावर मात्र बाहेर वाकून हे काम करू नये.

दुसरी गोष्ट अंतराची. दोन खुणांमध्ये पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त मोकळी जागा राहता कामा नये. साधारण तीन बोटांचे अंतर धरावे. एवढ्या फटीतून आपण जाऊ शकत नाही, हे लहान पक्ष्यालाही कळते. म्हणूनच काचेच्या मधोमध घारीचे एकच स्टिकर लावून उपयोग होत नाही. पक्षी त्याला घाबरत नाही, त्याच्या बाजूने जायला पाहतो आणि आपटतो.

खूण कशाची, हे खिशाप्रमाणे ठरवावे. पांढऱ्या ऑइल पेंटच्या उभ्या रेघा, चिकटपट्टीच्या पट्ट्या किंवा वरून सोडलेल्या जाड दोऱ्या, काहीही चालते. साबणाच्या वडीने ओढलेल्या रेघाही तात्पुरते काम करतात, पावसात मात्र त्या धुऊन जातात. आमच्या मुलांनी पुठ्ठ्याचा छाप कापून काचभर पिंपळपाने रंगवली. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे काचेच्या बाहेरून मच्छरांची जाळी. कबुतरांसाठी जाळी लावली असेल तर ती ताणलेली हवी, सैल जाळीत पक्षी अडकून मरतात.

पक्ष्यांसाठी दाणापाणी ठेवत असाल तर भांडे काचेपासून एक मीटरच्या आत किंवा दहा मीटरच्या पलीकडे ठेवावे. अगदी जवळून उडालेल्या पक्ष्याला वेग मिळत नाही. समोरासमोर खिडक्या असतील तर एकीचा पडदा ओढून ठेवावा. रात्री गरज नसलेले बाहेरचे दिवे बंद करावेत.

याने खरेच फरक पडतो का? शिकागोमधील मॅकॉर्मिक प्लेस या सभागृहाच्या काचांवर ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्रीत सुमारे एक हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी त्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले.

पक्षी आपटलाच तर

पाणी पाजू नये, दाणे भरवू नयेत. चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. मऊ फडक्यात अलगद उचलून त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे, झाकण लावावे आणि खोका शांत, अंधाऱ्या जागी ठेवावा. सारखे उघडून पाहू नये. तासाभराने झाडाजवळ मोकळ्यावर नेऊन खोका उघडावा. उडाला नाही किंवा पंख लोंबत असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आपल्याकडचे रानपक्षी घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांना सांगावे.

आज वस्त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, नव्या विहारांनाही काचेच्या दर्शनी भिंती बसत आहेत. विहार समितीने नकाशा पाहतानाच विचारावे की या काचेवर नक्षी, जाळी किंवा ठिपके देता येतील का. काच बसवल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते सोपे आहे.

बाणाने घायाळ झालेल्या पक्ष्याला वाचवणाऱ्या सिद्धार्थाची गोष्ट आपण मुलांना दर वर्षी सांगतो. त्या गोष्टीत बाण देवदत्ताचा होता. आज काच आपली आहे. येत्या वर्षावासात एका रविवारी वंदनेनंतर मुलांना घेऊन विहाराच्या खिडक्यांवर रेघा ओढूया.

नमो बुद्धाय! जय भीम!